सोनामुखी, कोरफड, रेवाचिनी, बहावा: एकाच रेणूची चार घरं

प्रश्न थोडक्यात असा: "आठ महिने झाले, पोट साफ व्हावं म्हणून रोज रात्री झोपताना एक चमचा सोनामुखीचं चूर्ण घेतो. सुरुवातीला पाऊण चमचा पुरायचा, आता शीग लावावी लागते. अधूनमधून लघवीला तांबूस रंग येतो. कुणी म्हणतं कोरफडीचा रस घ्या, कुणी रेवाचिनी, कुणी बहाव्याचा गर. सगळ्या वनस्पतीच आहेत. मग यांतली सौम्य कोणती? आणि या सगळ्यांत असतं तरी काय?"

तांबूस रंगापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं त्या रंगात आहेत.

माझं काम वनौषधींचा कच्चा माल तपासण्याचं. वीसेक वर्षं झाली. सोनामुखीच्या पानांचं पोतं आलं की एक परीक्षा ठरलेली असते. अर्धा ग्रॅम पूड सौम्य सल्फ्युरिक आम्लात पाच मिनिटं उकळायची, गाळून गार करायची आणि ईथरबरोबर हलवायची. ईथरचा थर पिवळा होतो. तो वेगळा काढून त्यात अमोनिया घातला आणि नळी दोन-चार वेळा उलटसुलट केली, की खालचा अमोनियाचा थर गुलाबी होतो. माल चांगला असेल तर डाळिंबी. हिला बोर्नट्रेगरची परीक्षा म्हणतात. नव्या मुलांना ही करायला दिली की हमखास एकदा तरी नळी उजेडाकडे धरून बघतात. मीही अजून बघतो.

तुमच्या लघवीत घडतं ते हेच. सोनामुखीतला सक्रिय भाग थोडा रक्तात जातो आणि मूत्रपिंडातून बाहेर पडतो. लघवी आम्लधर्मी असेल तर रंग पिवळा-तपकिरी राहतो, अल्कधर्मी असेल तर तांबूस होतो. तेव्हा हा रंग बहुधा निरुपद्रवी आहे. पण "बहुधा" हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे. चूर्ण बंद केल्यावर तीन दिवसांनीही रंग तसाच असेल तर लघवीची साधी तपासणी करून घ्या. रक्ताचा रंगही तांबूसच असतो, आणि नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात.

आता त्या रंगामागचा रेणू. शेजारी शेजारी जोडलेली तीन षटकोनी कडी डोळ्यांपुढे आणा. मधल्या कडीच्या वर आणि खाली एकेक ऑक्सिजन. हा सांगाडा म्हणजे अँथ्राक्विनोन. बाजूच्या दोन कड्यांवर, मधल्या कडीतल्या एकाच ऑक्सिजनच्या दोन अंगांना, एकेक हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) बसला की त्याला १,८-डायहायड्रॉक्सी म्हणतात. पोट साफ करणाऱ्या रेणूंची ही खूण. या सांगाड्यावर कुठे काय लटकलं आहे त्यानुसार नावं बदलतात: रेइन, इमोडिन, ॲलो-इमोडिन, क्रायसोफॅनॉल, फिसिऑन. तुम्ही नावं घेतलेल्या चारही वनस्पतींत यांतले दोन-तीन तरी सापडतातच.

गंमत म्हणजे यांतल्या बहुतेक वनस्पतींचं एकमेकींशी नातं नाही. सोनामुखी आणि बहावा शेंगवर्गीय, रेवाचिनी चुक्याच्या कुळातली, कोरफड तर एकदलीय. युरोपातली फ्रँगुला आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची कॅस्कारा ही झाडं बोराच्या कुळातली. वनस्पतीशास्त्राच्या वर्गीकरणात एकत्र येण्याचं काही कारण नसलेल्या झाडांनी आपापल्या वाटेने तोच रेणू घडवला. म्हणून यांना झाडांचा गट न मानता रेणूचा गट मानावं, असं माझं म्हणणं आहे. तसं मानलं की "कोणती वनस्पती सौम्य" हा प्रश्नच बदलतो.

उलट उदाहरणही आहे. मंजिष्ठेच्या मुळात भरपूर अँथ्राक्विनोन असतात, तिचा लाल रंग त्यांचाच. पण मंजिष्ठेने कुणाला जुलाब होत नाहीत. कारण तिचे रेणू वनस्पती दुसऱ्याच मार्गाने बनवते आणि त्यांत हायड्रॉक्सिल गट एकाच बाजूच्या कडीवर दाटीवाटीने असतात. सांगाडा तोच, खुंट्या वेगळ्या भिंतीवर, आणि काम पूर्ण वेगळं. "अमुक वनस्पतीत अँथ्राक्विनोन आहेत" एवढ्यावरून निष्कर्ष काढणाऱ्या लेखांवर माझा विश्वास बसत नाही तो यामुळे.

आता खरी मेख. हे रेणू वनस्पतीत मोकळे थोडेच असतात. बहुतेक वेळा त्यांना साखरेचा, म्हणजे ग्लुकोजचा, एखादा रेणू चिकटलेला असतो. अशा जोडीला ग्लायकोसाइड म्हणतात. सोनामुखीतली मुख्य जोडी म्हणजे सेनोसाइड ए आणि बी: रेइन-अँथ्रोनचे (अँथ्रोन म्हणजे त्याच सांगाड्याचं मधल्या कडीवर एकच ऑक्सिजन असलेलं रूप) दोन रेणू पाठीला पाठ लावून बांधलेले आणि दोघांना एकेक ग्लुकोज. आर्थर स्टोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये ते स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये शुद्ध रूपात वेगळे काढले. ताज्या पानात हे जोडरेणू कमी असतात. पान वाळताना ते तयार होतात, म्हणून सोनामुखी कशी वाळवली यावर बरंच अवलंबून असतं.

ही साखर ज्या बंधाने जोडलेली असते तो तोडणारं पाचकद्रव्य माणसाच्या लहान आतड्यात नसतं. त्यामुळे सेनोसाइड जठरातून, लहान आतड्यातून जवळजवळ जसंच्या तसं पुढे सरकतं. मोठ्या आतड्यात पोचल्यावर तिथले जिवाणू साखर काढून खातात, जोडरेणू तोडतात आणि रेइन-अँथ्रोन मोकळं होतं. औषध म्हणून काम करतं ते हे रेइन-अँथ्रोन. तुम्ही गिळता ती फक्त त्याची कच्ची पुडी. ती फोडणारे कामगार तुमच्या शरीराचे नाहीतच, पाहुणे आहेत.

रात्री घेतलेलं चूर्ण सकाळीच का लागू पडतं, ते यावरून कळेल. सहा ते बारा तास हा त्या प्रवासाचा आणि जिवाणूंच्या कामाचा वेळ. दोन तासांत काही झालं नाही म्हणून आणखी अर्धा चमचा घेणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांची दुसरी सकाळ फार वाईट जाते. प्रतिजैविकांचा कोर्स चालू असताना सोनामुखी नीट लागू पडली नाही तर नवल नाही, कारण पुडी फोडणारेच कमी झालेले असतात. कोरफडीतल्या ॲलोइन या रेचक ग्लायकोसाइडच्या बाबतीत तर हे प्रयोगातही दिसलं आहे: आतड्यात योग्य जिवाणू नसलेल्या प्राण्यांवर त्याचा परिणाम होत नाही, तो जिवाणू सोडला की होतो.

मोकळं झालेलं रेइन-अँथ्रोन दोन कामं करतं. मोठ्या आतड्याची पुढे ढकलण्याची हालचाल वाढवतं आणि आतड्याच्या भिंतीतून पाणी शोषलं जाणं कमी करतं, उलट काही क्षार आणि पाणी आत सोडायला लावतं. यात प्रोस्टाग्लँडिन या शरीरातल्या निरोप्या रसायनांचा हात असतो. मुरडा येतो तो या हालचालीचा. तो औषधाचा दोष म्हणावा तर औषधाचा गुणही तोच आहे. मात्रा बरोबर असेल तर फक्त मळ सैल होतो आणि मुरडा जाणवतही नाही.

साखर नसलेले मोकळे रेणू थेट गिळले तर? ते वरच्या आतड्यातच बरेचसे शोषले जातात आणि मोठ्या आतड्यापर्यंत कमी पोचतात. पण वनस्पतीत साखरेचा आधार नसलेले, ऑक्सिडीकरण न झालेले अँथ्रोन असतील तर ते वरच त्रास देतात. कॅस्कारा आणि फ्रँगुलाची साल ताजी वापरली तर ओकाऱ्या आणि जोराचा मुरडा येतो. म्हणून ती किमान एक वर्ष मुरवायची किंवा शंभर अंशांवर तापवायची असा नियम आहे. हवेतला ऑक्सिजन ते अँथ्रोन हळूहळू शमवतो. "जितकं ताजं तितकं गुणकारी" हे इथे सरळ चुकीचं आहे.

उकळण्याचाही असाच हिशेब. सेनोसाइड फार वेळ उकळलं की तुटतं. रेवाचिनीचा काढा अर्धा-पाऊण तास उकळला तर रेचक गुण बराच उतरतो, टॅनिन हे तुरट द्रव्य मात्र टिकतं. सोनामुखीची पानं गार किंवा कोमट पाण्यात काही तास भिजवून गाळलेलं पाणी उकळलेल्या काढ्यापेक्षा कमी मुरडा आणतं, कारण पानातली राळ गार पाण्यात फारशी उतरत नाही. शेंगेत राळ मुळातच कमी, म्हणून शेंग पानापेक्षा सुसह्य मानतात.

थोडं विषयांतर, पण मला हे फार आवडतं. याच रेइनला दोन ॲसिटाइल गट लावून डायसेरीन नावाचं औषध बनवलं आहे आणि ते सांधेदुखीसाठी देतात. त्याचा ठरलेला दुष्परिणाम कोणता, तर जुलाब. २०१४ मध्ये युरोपीय औषध नियामकांनी त्याच कारणाने त्याच्या वापरावर मर्यादा घातल्या. गुडघ्यासाठी पाठवलेला रेणूसुद्धा आपली जुनी सवय सोडत नाही.

आता तुमच्या चमच्याकडे येतो. सोनामुखीच्या चांगल्या पानात साधारण अडीच टक्के हायड्रॉक्सी-अँथ्रासीन ग्लायकोसाइड, म्हणजे सेनोसाइड आणि त्याच्या जातीचे रेणू, असतात. म्हणजे एका ग्रॅम चूर्णात सुमारे २५ मिलिग्रॅम. प्रौढ माणसाला रात्री एकदा १५ ते ३० मिलिग्रॅम पुरतात, आणि ३० ही वरची मर्यादा समजतात. आमच्या तराजूवर चहाचा सपाट चमचाभर बारीक चूर्ण दोन ग्रॅमच्या आसपास भरतं, शीग लावली तर तीन. गुणाकार तुम्हीच करा: ५० ते ७५ मिलिग्रॅम. म्हणजे आज तुम्ही रोज वरच्या मर्यादेच्या सुमारे पावणेदोन ते अडीच पट घेत आहात, तेही आठ महिने, आणि ते एक-दोन आठवड्यांपुरतं घ्यायचं औषध आहे. सेनोसाइडच्या गोळीवर आकडा छापलेला असतो, ७.५, ८.६ किंवा १२ मिलिग्रॅम असा. त्यामुळे गोळी घेणारा "तीन गोळ्या" म्हणताना थबकतो. चमचेवाल्याला थबकायला काही मिळत नाही. गोळीतला आणि चूर्णातला रेणू एकच. चूर्ण "नैसर्गिक" म्हणून सौम्य आणि गोळी "केमिकल" म्हणून कडक, या समजुतीला रसायनशास्त्रात काही आधार नाही.

शिवाय चूर्णात नेमकं काय आहे हाही प्रश्न असतोच. तरवडाचं पान दिसायला सोनामुखीसारखं, भेसळ म्हणून येतं, आणि त्यात हे ग्लायकोसाइड नसतातच. ऐंशी टक्के सल्फ्युरिक आम्लात ते किरमिजी होतं, सोनामुखी होत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली सोनामुखीचं पान ओळखायला सोपं: एकपेशीय, किंचित वाकलेली, खरखरीत केसं आणि प्रत्येक पर्णरंध्राला समांतर दोन सोबती पेशी. अर्गेल नावाच्या दुसऱ्या झाडाच्या पानाचे केस दोन-तीन पेशींचे असतात. पण पूड एकदा बारीक दळून पाकिटात गेली की घरी हे काही दिसत नाही. एका पाकिटातलं चूर्ण पाऊण चमचा पुरतं आणि दुसऱ्यातलं दीड लागतं, तेव्हा प्रत्येक वेळी कोठाच जड झालेला असतो असं नाही. कधी कधी माल बदललेला असतो.

कोरफडीकडे वळू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे आहे. कोरफडीचं पान आडवं कापून उभं धरा. दोन-तीन मिनिटांत सालीच्या लगत पिवळा, कडू द्रव ओघळू लागतो. आतला पारदर्शक गर वेगळा आणि हा पिवळा चीक वेगळा. गर म्हणजे जवळजवळ ९९ टक्के पाणी आणि थोड्या बहुशर्करा, त्यांतली मुख्य ॲसिमॅनन. त्यात रेचक काही नाही. भाजलेल्या, खरचटलेल्या त्वचेवर लावतात तो हा. रेचक असतो तो पिवळा चीक. तो आटवून वाळवला की काळा बोळ होतो. त्यातलं ॲलोइन बार्बाडोस जातीच्या बोळात किमान २८ टक्के आणि केप जातीच्या बोळात १८ टक्के असावं असं युरोपीय औषधसंहिता सांगते. सोनामुखीच्या अडीच टक्क्यांशी तुलना करा म्हणजे काळ्या बोळाला सौम्य का म्हणता येत नाही ते कळेल.

ॲलोइनची आणखी एक खोड. त्यातली साखर ऑक्सिजनमार्फत नाही, थेट कार्बनला जोडलेली असते. हा बंध आम्लात उकळूनही तुटत नाही. म्हणून साधी बोर्नट्रेगर परीक्षा कोरफडीवर फसते, बरोबर फेरिक क्लोराइड घालावं लागतं. मोठ्या आतड्यातही तो तोडू शकणारे जिवाणू थोडेच, आणि प्रत्येकाच्या पोटात त्यांची संख्या वेगळी. परिणामी तोच बोळ एकाला काहीच करत नाही आणि दुसऱ्याला अंथरुणाला खिळवतो. बाटलीबंद कोरफडीच्या रसात पूर्ण पान भरडलं आहे की फक्त गर, आणि चीक काढून टाकला आहे का, हे पाहिल्याशिवाय तो पिऊ नये. पिण्याच्या कोरफड उत्पादनांत ॲलोइन दहा लाख भागांत दहापेक्षा कमी असावं असं या उद्योगाने स्वतःसाठीच ठरवलं आहे. चीक न काढलेला पूर्ण पानाचा अर्क दोन वर्षं पाण्यातून दिलेल्या रॅटच्या मोठ्या आतड्यात गाठी झाल्या, माइसमध्ये झाल्या नाहीत. या अभ्यासानंतर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अशा अर्काला "माणसात कर्करोगकारक असण्याची शक्यता" या २-बी गटात टाकलं. यावरून गर लावायला घाबरायचं कारण नाही. रोज सकाळी पूर्ण पानाचा रस पिण्याला मात्र माझा विरोध आहे. अमेरिकेत २००२ मध्ये काळा बोळ आणि कॅस्कारा दोन्ही चिठ्ठीविना मिळणाऱ्या रेचकांच्या यादीतून काढले गेले, कारण सुरक्षिततेची मागितलेली माहिती उत्पादकांनी दिली नाही. सोनामुखी त्या यादीत टिकली, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीतही सेन्ना, म्हणजे सोनामुखीच, आहे.

रेवाचिनी म्हणजे मुळाचा आणि कंदाचा भाग. आडवा छेद घेतला की त्यावर चांदण्यांसारखे ठिपके दिसतात. तुकडा दाताखाली धरला तर वाळू चावल्यासारखं करकरतं. ती वाळू म्हणजे कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक, एकेक कधी कधी ०.२ मिलिमीटरपर्यंत. हलक्या जातीचा माल अतिनील प्रकाशाखाली निळा चमकतो, तो रॅपॉन्टिसिनमुळे. रसायनाच्या बाजूने रेवाचिनी दुटप्पी आहे. तिच्यात अँथ्राक्विनोन आहेत तसे टॅनिनही भरपूर आहेत. टॅनिन आतडं आवळतात. थोड्या मात्रेत टॅनिनचं चालतं आणि जुलाब थांबतात, जास्त मात्रेत अँथ्राक्विनोनचं चालतं आणि पोट साफ होतं, आणि साफ झाल्यावर दुसऱ्या दिवशी टॅनिन पुन्हा डोकं वर काढतात. बद्धकोष्ठतेच्या जुन्या रोग्याला रेवाचिनी सुचवणाऱ्याने हा दुसरा दिवस विचारात घेतलेला नसतो. इमोडिन कर्करोगावर चालतं अशा बातम्या येतात त्या काचेच्या बशीतल्या पेशींवरच्या. काचेच्या बशीत पुष्कळ काही चालतं.

बहाव्याचं थोडक्यात. काळ्या लांब शेंगेतला चिकट गर वापरायचा, बी नाही. त्यात रेइन आहे, पण भरपूर साखर आणि पेक्टिनही आहे, आणि ती स्वतः थोडं पाणी धरून ठेवतात. चरकसंहितेत त्रिवृत, म्हणजे निशोत्तर, सुखविरेचनात श्रेष्ठ, बहावा मृदुविरेचनात आणि निवडुंगाच्या जातीतली स्नुही तीक्ष्ण विरेचनात श्रेष्ठ अशी प्रतवारी आहे. बहाव्याचं ते स्थान मला पटतं. तरी कधीमधी घेणं वेगळं आणि आठ महिने घेणं वेगळं.

याच रेणूंचा पोटाबाहेरचा उपयोग सांगतो, कारण त्यातून त्यांचा स्वभाव कळतो. टाकळ्याचं बी आणि दादमर्दनाचा पाला गजकर्णावर चोळतात. दोन्हींत क्रायसोफॅनॉल असतं, बुरशीवर त्याचा परिणाम होतो. ब्राझीलमधल्या अरारोबा झाडाच्या खोडातली पिवळी पूड पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आली आणि "गोवा पावडर" म्हणून त्वचारोगांवर प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या क्रायसारोबिनची नक्कल म्हणून १९१६ च्या सुमारास डिथ्रॅनॉल बनवलं गेलं. सोरायसिसवर ते आजही वापरतात. तेही १,८-डायहायड्रॉक्सी-अँथ्रोनच. लावलं की आजूबाजूची निरोगी त्वचा जळजळते, आणि कपड्यांवर जांभळट-तपकिरी डाग पडतात ते निघत नाहीत. म्हणजे मोकळा अँथ्रोन त्वचेला झोंबतो. लहान मुलांना सोनामुखी दिली आणि लंगोट बराच वेळ बदलला नाही तर ढुंगणावर भाजल्यासारखे फोड येतात, त्याचं कारण हेच. मुलांना हे औषध घरच्या घरी देऊच नये.

आता सवयीचं. ती लागते का? लागते, पण ज्या कारणाने लोक सांगतात त्या कारणाने बहुधा नाही. तुमच्या मात्रेने मोठं आतडं एका सकाळी जवळजवळ पूर्ण रिकामं होतं. ते पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी शौचाला न होणं हे अगदी स्वाभाविक आहे, आत काही नसतंच. पण माणूस घाबरतो, "बघ, औषधाशिवाय होत नाही" म्हणतो आणि पुन्हा चमचा घेतो. हे चक्र आठवडाभर फिरलं की सवय पक्की. दुसरं, पोटॅशियम. रोजच्या पातळ जुलाबातून पोटॅशियम जातं, ते कमी झालं की आतड्याचे स्नायूच सुस्त होतात आणि बद्धकोष्ठता वाढते. मग मात्रा वाढते, पोटॅशियम आणखी उतरतं. "शीग लावावी लागते" हे तुमचं वाक्य वाचताच मला पहिलं पोटॅशियम आठवलं. रक्तातलं प्रमाण ३.५ ते ५ मिलिमोल प्रतिलिटर असावं. खाली गेलं तर पायात गोळे, थकवा आणि हृदयाचे ठोके चुकणं. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या, स्टेरॉइड किंवा डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू असेल तर धोका आणखी वाढतो, कारण पहिल्या दोघांनी पोटॅशियम आधीच उतरतं आणि ते उतरलं की डिगॉक्सिन विषारी होतं. पोट साफ करणाऱ्या मिश्र चूर्णांत सोनामुखीबरोबर ज्येष्ठमध घालायची पद्धत आहे, चव गोड होते. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिनही पोटॅशियम उतरवतं. चवीसाठी घातलेली वस्तू नेमकी त्याच बाजूला ओढते.

दुर्बिणीतून पाहिल्यावर अशा माणसाच्या मोठ्या आतड्याचं अस्तर काळपट, बिबट्याच्या कातडीसारखं दिसतं. त्याला मेलॅनोसिस कोलाय म्हणतात, पण तो रंग मेलॅनिनचा, म्हणजे त्वचेतल्या रंगद्रव्याचा, नसतो. मेलेल्या पेशी गिळलेल्या भक्षक पेशींत साठलेला लायपोफ्यूसिन, म्हणजे पेशींच्या कचऱ्याचा तपकिरी रंग, असतो. काही महिन्यांच्या वापरानंतर येतो, बंद केल्यावर काही महिन्यांत जातो. दिसतो भयंकर, पण त्यातून कर्करोग होतो असं सिद्ध झालेलं नाही. माझ्या लेखी तो "बरेच दिवस झाले" एवढं सांगणारा शिक्का आहे.

वजन उतरवायला हे घेणाऱ्यांसाठी एक वाक्य: अन्नातल्या बहुतेक कॅलरी लहान आतड्यात शोषल्या जातात, सोनामुखी मोठ्या आतड्यात काम करते, म्हणजे काट्यावर जे कमी होतं ते पाणी.

तुम्ही काय करावं? एकदम बंद करू नका, चार दिवसांत हताश होऊन परत सुरू कराल. चमच्याऐवजी मात्रा छापलेली सेनोसाइडची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या, म्हणजे निदान आकडा कळेल. मग एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड असं तीन-चार आठवड्यांत उतरवा. त्याच दिवसांत इसबगोल सुरू करा, पण मोठ्या पेलाभर पाण्याबरोबर. कमी पाण्यात तो घशात किंवा आतड्यात अडकतो. त्याने भागलं नाही तर लॅक्ट्युलोज किंवा मॅक्रोगॉल. ही आतड्याला डिवचत नाहीत, फक्त पाणी धरून ठेवतात, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली जास्त दिवस चालतात. दोन-तीन दिवस शौचाला झालं नाही तर तो उताराचा भाग समजा.

बद्धकोष्ठता सुरू कशाने झाली हेही शोधा. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, काही वेदनाशामकं, काही नैराश्यावरची औषधं, मंदावलेलं थायरॉइड. अफूवर्गीय वेदनाशामक घेणाऱ्यांना सेन्ना डॉक्टर स्वतःहून देतात आणि तिथे ती बरेच दिवसही चालते, तेव्हा ही वनस्पती वाईट असा माझा दावा नाही. पण शौचातून रक्त, काळा मळ, विनाकारण उतरणारं वजन, पन्नाशीनंतर अचानक बदललेली शौचाची सवय, पोट फुगून ओकाऱ्या, यांतलं काहीही असेल तर मात्रा मोजत बसू नका, थेट दाखवा. कारण न कळलेली पोटदुखी, आतड्याचा अडथळा, आतड्याला सूज असणारे आजार आणि गरोदरपण यांत चारांपैकी एकही वनस्पती स्वतःच्या मनाने घेऊ नये. बारा वर्षांखालच्या मुलांनाही नाही.

डॉक्टरांकडे जाताना चूर्णाचं पाकीट आणि तुमचा तो चमचा, दोन्ही बरोबर न्या. "सोनामुखी घेतो" एवढ्याने त्यांना काही कळणार नाही. पाकिटावर घटकांची यादी असेल तर त्यात ज्येष्ठमध आणि काळा बोळ आहे का ते आधीच बघून ठेवा, आणि रक्तातलं पोटॅशियम तपासायला सांगा. आकडा साडेतीनच्या खाली आला तर वर सांगितलेला उतार त्यांच्या देखरेखीखालीच करायचा, घरी नाही.